पावसाळ्यातली नाईट ड्युटी: मेडिसिनचा सिरियस पेशंट पहिल्या तासात कसा बघायचा

जुलै-ऑगस्टमध्ये मेडिसिनला नवीन लागलेले इंटर्न आणि जेआर-वन (एमडीच्या पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर), हे तुमच्यासाठी लिहितेय. दरवर्षी याच दिवसांत कोणी ना कोणी रात्री फोन करतं, मॅडम पेशंट सिरियस वाटतोय, आधी काय करू, आणि फोनवर सांगून ते पुरत नाही, म्हणून एकदा सगळं नीट टाईप करून ठेवते. मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात शिकले आणि तशाच ठिकाणी काम करते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत, म्हणजे डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप), साप, विंचू, फवारणीचं औषध आणि वर्षभर चालू असलेले अटॅक, शुगर, दम. पुस्तकात हे सगळं वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये असतं, पण रात्री अडीचला नातेवाईक येऊन सांगतात ते "घाबरंघुबरं झालंय", "गप्प पडलाय" किंवा "पोटात दुखतंय" एवढंच.

आधी हात लावा

केसपेपर हातात यायच्या आत पेशंटजवळ जा आणि त्याचं नाव विचारा. नाव, गाव, काय होतंय हे पूर्ण वाक्यात आणि न थांबता सांगितलं तर श्वासनलिका मोकळी आहे, दम फार नाही आणि मेंदूला रक्त आणि साखर पोचतेय, एवढं पाच सेकंदात कळतं. एकेका शब्दावर थांबून सांगत असेल तर बाकीची हिस्टरी नातेवाईकांकडून घ्या आणि पेशंटला ऑक्सिजन लावून बसतं करा.

मग पाय. चादर बाजूला करून तळवे आणि पोटऱ्या हाताने चाचपा, आपल्या हाताच्या मागच्या बाजूने, ग्लोव्ह घालायच्या आधी. अंग तापलेलं आणि पाय गुडघ्यापर्यंत गार, हे मी शॉकचं पहिलं लक्षण म्हणून धरते, बीपी काहीही असो. बोटाच्या टोकावर पाच सेकंद दाबून सोडा, रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर तेच. तरुण माणसाचं बीपी अगदी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, त्यामुळे "बीपी ११० आहे मॅडम, स्टेबल आहे" हे ऐकून मला कधीच बरं वाटत नाही, मी विचारते पाय कसे आहेत.

आणि श्वास मोजा. तुमच्या वॉर्डातले दहा केसपेपर उघडून बघा, सगळ्यांचा रेस्पिरेटरी रेट २० लिहिलेला असेल, म्हणजे मोजलेला एकाचाही नाही. पेशंटचं मनगट पल्स बघतोय असं धरा, नजर पोटाकडे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, कारण आपण श्वास मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. २२ च्या वर असेल तर कारण शोधायचं, ३० च्या वर असेल तर तुम्ही त्या बेडवरून हलायचं नाही. श्वास खोल आणि जोरात चाललाय पण छाती ऐकली तर एकदम क्लिअर, अशा पेशंटला दम्याचा अटॅक नाहीये, त्याच्या रक्तात अॅसिड वाढलंय, म्हणजे शुगरचं डीकेए (इन्सुलिन कमी पडून रक्तात किटोनचं अॅसिड साचणं), किडनी फेल्युअर, सेप्सिस नाहीतर विषबाधा. दम दिसला की डेरिफायलिन-हायड्रोकॉर्ट ही दम्याची इंजेक्शनं देऊन मोकळं व्हायची जी सवय आहे ती याच पेशंटचे दोन-तीन तास घालवते. लघवीत किटोन बघायला दोन मिनिटं लागतात. आणि डीकेए निघालं तरी पोटॅशियम बघितल्याशिवाय इन्सुलिन सुरू करू नका, साडेतीनच्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्सुलिन.

सॅट्युरेशन साधारण ९४ ते ९८ ठेवायचं, जुना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेला फुफ्फुसाचा आजार) असेल तर ८८ ते ९२ पुरे, त्याला १०० करायच्या नादात कार्बन डायऑक्साइड चढून तो झोपी जातो आणि आपल्याला वाटतं आराम पडला. बोटं गार असतील, नेलपॉलिश किंवा मेंदी गडद असेल तर प्रोब कानाला लावून बघा.

शुगर. बेशुद्ध, बडबडणारा, फिट आलेला, एका बाजूची ताकद गेलेला, घामाघूम झालेला, दारूचा वास येणारा, या प्रत्येकाची शुगर ग्लुकोमीटरवर लगेच, सीटीची चिठ्ठी लिहायच्या आधी. "दारू प्यायलाय, पडू दे, सकाळी उतरेल" हे निदान रात्री कोणीही करू नका, कृपा करून. दारू प्यायलेल्याचीच शुगर कमी होते, तोच पडतो आणि त्याच्याच डोक्यात रक्तस्राव होतो. शुगर कमी निघाली की २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० एमएल द्या, त्यात २५ ग्रॅम साखर जाते, आणि दारू पिणारा किंवा उपाशी असेल तर सोबत थायमिन १०० एमजी. पेशंट डोळे उघडून उठून बसतो, नातेवाईक पाया पडतात आणि म्हणतात आता घरी नेतो, आणि इथेच चूक होते. शुगरची गोळी कुठली चालू आहे ते विचारा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, त्यात वय झालेलं आणि किडनी खराब, तर चार-सहा तासांनी शुगर परत पडणार आहे. किमान २४ तास ठेवून घ्या, पहिले काही तास दर तासाला शुगर.

ईसीजी छातीत दुखणाऱ्याचा काढतातच, पण वरच्या पोटात दुखणारा, घाम फुटलेला, अचानक दम लागलेला, चक्कर येऊन पडलेला, यांचाही दहा मिनिटांत काढा. "गॅस झालाय, सोडा प्यायलो, ढेकर येत नाहीये" म्हणणाऱ्या मधुमेही काकूंमध्ये मी बऱ्याचदा अटॅक बघितलाय. पहिला ईसीजी नॉर्मल आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा काढा, मग तिसरा. लीड २, ३, एव्हीएफमध्ये बदल असतील तर उजव्या बाजूचा व्ही-४ पण काढा, आणि बीपी कमी असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नका, उजवं हार्ट गेलेल्या पेशंटचं बीपी त्या एका गोळीने शून्यावर येतं. अॅस्पिरिन ३२५ एमजी चावून खायला द्या आणि सिनियरला फोन करा, दोन तासांत कॅथलॅबला, म्हणजे अँजिओप्लास्टी होते तिथे, पोचणार नसेल आणि दुखायला लागून बारा तास व्हायचे असतील तर रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथेच लागतं, अर्थात डोक्यात रक्तस्राव, अलीकडचं ऑपरेशन वगैरे विचारून.

पोटात दुखतंय म्हणून आलेला मुलगा

हे मला लिहायलाच पाहिजे. मी जेआर-वन होते, पावसाळा, पहाटेचे चार वाजून गेलेले. विशीतला मुलगा, शेतमजूर, झोपेतून पोटात दुखायला लागलं म्हणून उठला, एक उलटी झाली. पोट मऊ, ताप नाही, बीपी-पल्स ठीक. मी पॅन्टोप्राझोल आणि ऑन्डान्सेट्रॉन लिहिलं, गॅस्ट्रायटिस लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. तासाभराने इंजेक्शन द्यायला गेलेल्या सिस्टर परत आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर, तो पोरगा माझ्याकडे बघताना मान मागे टाकून बघतोय, डोळे उघडत नाहीयेत त्याचे. मी गेले तर दोन्ही पापण्या अर्ध्यावर, बोलणं नाकातून, थुंकी गिळता येत नव्हती. तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं कुठे झोपला होतास. शेतातल्या खोपटात, खाली जमिनीवर. मण्यार चावली होती, अंगावर कुठे दात दिसत नव्हते, सूज नव्हती, त्याला स्वतःला चावलेलं कळलं नव्हतं. त्याला श्वासनलिकेत ट्यूब टाकली, पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता, चालत घरी गेला. सिस्टर तेव्हा गेल्या नसत्या तर तो त्याच कॉटवर श्वास थांबून गेला असता आणि केसपेपरवर माझ्या अक्षरात गॅस्ट्रायटिस राहिलं असतं.

म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी, उलटी, घसा दुखणं, अंग लुळं पडणं असं काहीही घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारा, रात्री कुठे झोपला होतात, खाटेवर की जमिनीवर. मग पापण्या बघा. वर बघायला सांगा आणि एक मिनिट तसंच बघत राहायला सांगा, पापण्या हळूहळू खाली आल्या तर निदान झालं. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते मोजायला सांगा आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवा, दर दहा-पंधरा मिनिटांनी परत. आधी ३० मोजणारा १५ वर आला तर ट्यूब तयार ठेवा, सॅट्युरेशन पडायची वाट बघू नका, ते फार उशिरा पडतं. उशीवरून डोकं उचलता येतंय का तेही बघा.

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पहिले दोन नसांवर जातात, पुढचे दोन रक्तावर, म्हणजे रक्त गोठत नाही. साप मारून पिशवीत आणलाय का, फोटो आहे का यात वेळ घालवू नका, पेशंटच्या अंगावर काय दिसतंय त्यावर ठरतं.

रक्त गोठतंय का हे बघायची टेस्ट तुम्ही स्वतः करायची, लॅब लागत नाही. नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब घ्या. काचेचीच, कारण प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही, आणि साबणाने धुतलेली वापरली तरी गोठत नाही, मग नसलेलं विष दिसतं. शिरेतून २ एमएल रक्त हळूच भिंतीवरून सोडा, ट्यूब पेशंटच्या बाजूला लॉकरवर उभी ठेवा, चिकटपट्टीवर वेळ लिहा आणि वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही, हलवून बघायचं नाही, वॉर्डातल्या मामांना आणि नातेवाईकांनाही सांगून ठेवा. वीस मिनिटं झाली की एकदाच आडवी करा. रक्त जेलीसारखं चिकटून राहिलं तर गोठलं. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात आहे, सापाच्या विषावरचं औषध, अँटीस्नेक व्हेनम (एएसव्ही), लागणार. पहिली नॉर्मल आली म्हणून सोडायचं नाही, पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने करा, मग तासाला, आणि लक्षणं नसली तरी २४ तास ठेवून घ्या.

एएसव्ही सुरुवातीला १० व्हायल. प्रत्येक व्हायलच्या पावडरमध्ये १० एमएल पाणी घालून हळू गोल फिरवायची, जोरात हलवली की फेस होतो. सगळ्या सलाईनमध्ये टाकून एका तासात द्यायच्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. टेस्ट डोस द्यायचा नाही, त्याने रिअॅक्शन येणार की नाही ते कळत नाही. त्याऐवजी अॅड्रेनलिन अर्धा एमजी सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवा, आणि पहिली पंधरा मिनिटं तिथेच उभे राहा. अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली, उलटी झाली, बीपी पडलं, की ड्रिप थांबवा, अॅड्रेनलिन मांडीत, बरं वाटलं की ड्रिप परत चालू, एएसव्ही सोडून द्यायचं नाही. रक्ताची टेस्ट सहा तासांनी परत, तेव्हाही गोठत नसेल तर पुढचा डोस. पापण्या पडलेल्या असतील तर सोबत निओस्टिग्मिन दीड एमजी स्नायूत आणि त्याच्या आधी अॅट्रोपिन ०.६ एमजी शिरेत देऊन तासभर बघा, नागाला फरक पडतो, मण्यारीला सहसा नाही, तिथे व्हेंटिलेटरच कामाला येतो आणि नसेल तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. सहा सेकंदाला एकदा दाबायची. नातेवाईकांना शिकवून, आळीपाळीने दाबायला लावून पेशंट पुढच्या हॉस्पिटलला जिवंत पोचलेत.

दोरीने आवळून आणलेला पाय दिसला तर दोरी दारातच कापू नका. पुढची पल्स लागते का बघा, लाईन घ्या, औषधं हाताशी ठेवा आणि मग सोडा.

विंचू

कोकणातल्या लाल विंचवाबद्दल थोडं, कारण इथे गडबड नेमकी उलटी होते. जो आरडाओरडा करतोय, जागेवर प्रचंड दुखतंय, त्याचा जीव सहसा धोक्यात नसतो, त्याला लिग्नोकेनने जागा बधिर करून द्या. जो फार दुखत नाही म्हणतो पण उलट्या होतायत, अंगभर घाम, हातपाय बर्फासारखे गार, मुलगा असेल तर लिंग ताठ झालेलं, तो सिरियस आहे, त्याचं बीपी आधी वाढतं, मग हार्ट दमतं आणि छातीत पाणी भरतं.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे सगळं पेशंटच्या उशाशी बसून, तासातासाची नोंद ठेवून लिहिलं, १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये विंचूदंशाची लक्षणं छापून आली आणि पुढे प्राझोसिनचा उपचार त्यांनीच रूढ केला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला त्यातून घ्यायचं ते हे, की प्राझोसिनची गोळी वजनाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, लवकरात लवकर, आणि पाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. पेशंटला आडवाच ठेवा, उठून बसवलं तर बीपी पडतं. इथे अॅट्रोपिन देऊ नका, स्टेरॉइड आणि एव्हिलचा उपयोग नाही. तोंडातून गुलाबी फेस यायला लागला तर ही आयसीयूची केस झाली.

फवारणीचं औषध

फवारताना अंगावर गेलेलं असो किंवा प्यायलेलं असो. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून आपल्याकडे याची थोडी तरी चर्चा होते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, घाम, छातीत सगळीकडे घरघर, पल्स मंद, कपड्यांना उग्र वास, हे ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक. आधी कपडे सगळे काढा, साबण-पाण्याने अंग, केस, नखं धुवा, धुणाऱ्याने ग्लोव्ह घालायचे. पण अॅट्रोपिन त्यासाठी थांबवू नका, एकाने धुवायचं, एकाने लाईन घ्यायची.

अॅट्रोपिनचा डोस सगळ्यांना घाबरवतो, म्हणून सविस्तर सांगते. ०.६ एमजीच्या पाच अँप्यूल, म्हणजे ३ एमजी, एकदम. पाच मिनिटं घड्याळावर. छाती परत ऐका. घरघर तशीच असेल तर आता दहा अँप्यूल. परत पाच मिनिटं, तरी तशीच तर वीस. म्हणून पेशंट आत आला की एका इंटर्नला नुसतं अँप्यूल फोडून सिरिंज भरायच्या कामाला लावा आणि दुसऱ्याला किती गेलं ते लिहायला. थांबायचं कधी, तर छाती दोन्ही बाजूंनी क्लिअर, पल्स ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, आणि काखेत हात घातला तर कोरडं. बाहुल्यांची वाट बघत बसू नका, त्या सगळ्यात शेवटी मोठ्या होतात. पल्स आधीच १२० आहे म्हणून अॅट्रोपिन अडवू नका, माणूस पाण्यात बुडाल्यासारखा गुदमरत असताना पल्स वाढणारच. काबूत आलं की एकूण जेवढं गेलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला इन्फ्युजनने. नंतर ताप चढला, पेशंट हवेत हात मारायला लागला, पोटाचा आवाज बंद झाला तर ते अॅट्रोपिन जास्त झालंय, थोडा वेळ बंद करून कमी डोसवर परत सुरू करा, त्याला विषच चढतंय समजून अजून अॅट्रोपिन देऊ नका. नाकातून नळी टाकून पोट धुवायची घाई बेशुद्ध पेशंटमध्ये अजिबात नको, श्वासनलिकेत ट्यूब टाकल्याशिवाय धुतलं तर ते फुफ्फुसात जातं.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत रोज राउंडला उशीवरून डोकं उचलायला सांगा. पेशंट शुद्धीत आहे, चहा मागतोय, पण डोकं उचलता येत नाही, म्हणजे श्वासाचे स्नायू जायला लागलेत.

उंदीर मारायच्या पेस्टबद्दल एवढंच लक्षात ठेवा की पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट खाल्लेला पेशंट पहिले एक-दोन दिवस अगदी ठणठणीत दिसतो, नातेवाईक डिस्चार्जसाठी भांडतात, आणि तिसऱ्या दिवसानंतर कावीळ होऊन लिव्हर बसतं. रिकामी ट्यूब मागवून नाव वाचा, पाच दिवस तरी रोज आयएनआर (रक्त गोठायची टेस्ट) आणि लिव्हरचे रिपोर्ट बघा आणि मोठ्या सेंटरशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा.

आणि हे लोक, ज्यांनी स्वतः औषध प्यायलंय, त्यांना कॅज्युअल्टीत ओरडू नका. "आईबापाचा विचार केला नाहीस का" हे मी स्ट्रेचरवरच्या मुलींना ऐकवलेलं ऐकलंय आणि ते ऐकताना त्यांचे डोळे कसे होतात तेही बघितलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानलंय, गुन्हेगार नाही. एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करा, नातेवाईक बाजूला गेले की शांतपणे एकदा विचारा घरी काय झालं, आणि घरी सोडायच्या आधी सायकियाट्रीचा कॉल झालाच पाहिजे.

ताप

डेंग्यूमध्ये लोक ताप असताना घाबरतात आणि ताप उतरला की निवांत होतात. धोका ताप उतरतो त्या दिवशी सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि २४ ते ४८ तास असतो. त्या दिवशी पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वर आणि प्लेटलेट खाली, यातलं काही असेल तर भरती. बीपी लिहिताना वरचा-खालचा फरक काढायची सवय लावा. १००/८० हे बीपी बघून सही करून पुढे जाऊ नका, फरक २० वर आलाय, हा शॉक आहे. वॉर्निंग साइन असतील तर एनएस किंवा आरएल सलाईन किलोमागे तासाला ५ ते ७ एमएलने एक-दोन तास, मग हिमॅटोक्रिट, पाय, लघवी बघून कमी करत जायचं, शॉक असेल तर पहिल्याच तासात किलोमागे १० एमएलपर्यंत आणि सिनियर बाजूला. शिरांतून होणारी पाण्याची गळती थांबली की सलाईन बंद करा, शिरेबाहेर गेलेलं पाणी तेव्हा परत आत येतं आणि चालू सलाईनने पेशंट फुफ्फुसात पाणी भरून दमतो. प्लेटलेटचा आकडा घेऊन नातेवाईक रात्रभर ब्लड बँकांत फिरतात, त्यांना समजावून सांगा की रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या वर प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक नाही, पॅरासिटामॉल फक्त.

लेप्टो मुंबईत २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर सगळ्यांना माहीत झाला, भातशेतीच्या भागात तो दरवर्षी असतो. लावणीला गेला होता का, गुडघाभर पाण्यातून चालला का, पायाला भेगा-जखमा आहेत का. डोळे लाल पण पू नाही, पोटऱ्या दाबल्या की कळवळतो, लघवी कमी, डोळ्यात पिवळेपणा. रिपोर्टची वाट न बघता पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन रोज १ ग्रॅम चालू करा. खोकताना रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी त्याच तासाला आयसीयू, ते फुफ्फुसातलं रक्त आहे आणि काही तासांत व्हेंटिलेटर लागू शकतो. कपडे काढून काख, जांघ, स्तनाखाली काळी खपली शोधा, मिळाली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), डॉक्सिसायक्लिन. मलेरियाची स्लाइड प्रत्येक तापाची. कुठलाही ताप असो, पाय गार आणि बीपी कमी असेल तर रक्त कल्चरला घेऊन पहिल्या तासात अँटिबायोटिक आत गेलं पाहिजे, फार्मसीतून यायचंय म्हणून ते पहाटेपर्यंत लांबतं, तेव्हा मामांना पाठवा, मामा नसतील तर स्वतः जा.

परत जायचं, फोन करायचा, लिहायचं

पेशंट बघून झाला की परत कधी बघायचा ती वेळ केसपेपरवरच लिहा. सिरियस असेल तर अर्ध्या तासाने, शंका असेल तर एका तासाने. परत गेल्यावर तेच बघायचं, नाव, पाय, श्वास, आणि आता लघवीची पिशवी. पहिल्यापेक्षा बरं आहे की वाईट, हा एकच प्रश्न. मी लिहिलेलं निदान चुकलं असं धरून बघा, त्या मुलाच्या वेळी मी ते केलं नव्हतं. रात्रीच्या सिस्टर म्हणाल्या "मला हा पेशंट बरा वाटत नाहीये" तर नंबर सगळे नॉर्मल असले तरी उठून जा, त्यांनी तो चेहरा आधी शंभर वेळा बघितलेला असतो.

सिनियरला फोन करताना पहिल्या वाक्यात काय हवंय ते सांगा. "सर, ७ नंबर बेडसाठी तुम्ही यायला हवं, ३२ वर्षांचा पुरुष, पाचव्या दिवसाचा डेंग्यू, ताप उतरलाय, पाय गार, बीपी १००/८०, श्वास २८, पहिला बोलस चालू केलाय." एवढं. "सर झोपलेत, सकाळी सांगू" असं करू नका, ओरडा बसला तर बसला. पेशंट पुढे पाठवायचा असेल तर १०८ ला फोन करताना व्हेंटिलेटर लागणार की नाही ते आधीच सांगा, म्हणजे तशी गाडी येते, समोरच्या डॉक्टरशी बोला, दोन चालू लाईन असू द्या, आणि चिठ्ठीत एएसव्हीच्या किती व्हायल गेल्या, अॅट्रोपिन किती गेलं, किती वाजता, हे लिहा, "ट्रीटमेंट गिव्हन" एवढ्यावर पाठवू नका.

नातेवाईकांशी उभ्या उभ्या, फोन बघत बोलू नका. एक जबाबदार माणूस कोण ते विचारा, बाजूला घ्या, बसवा. काय झालंय, आम्ही काय करतोय, पुढच्या दोन तासांत काय होऊ शकतं, आणि मी परत किती वाजता येऊन सांगेन. मग त्या वेळेला खरंच या. "सांगता येत नाही" आणि "देवावर सोडा" या दोन वाक्यांनी माणसं बिथरतात. काही गावांत पेशंट मांत्रिकाकडे जाऊन मग आलेला असतो, त्यावरून तिथे बोलू नका, उशिरा का होईना ते आपल्याकडे आलेत, पुढच्या वेळी थेट यावेत असं वाटत असेल तर आज त्यांच्याशी नीट बोला.

सकाळी हँडओव्हर बेडजवळ उभं राहून द्या, ड्युटीरूममध्ये चहा पिताना नाही. प्रत्येक सिरियस पेशंटचं निदान काय वाटतंय, त्याबद्दल तुम्हाला कुठली शंका आहे, कुठला रिपोर्ट यायचाय, आणि पुढची टेस्ट ट्यूब, पुढची शुगर, पुढचं हिमॅटोक्रिट किती वाजता बघायचंय. लॉकरवर रक्ताची ट्यूब ठेवलेली असेल तर ती कधी ठेवली ते दिवसाच्या जेआरला बोट दाखवून सांगा, आणि वीस मिनिटं झालेली नसतील तर तिथेच थांबा.